जपानी गोल्फ क्लब: मिउरा कुणाला, झेक्सिओ कुणाला

नोव्हेंबर २०१६ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे न्यूयॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये गेले, ते नुकत्याच निवडून आलेल्या डोनाल्ड ट्रम्प यांच्यासाठी एक ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायचा गोल्फ क्लब, घेऊन. होनमा कंपनीचा, बेरेस मालिकेतला, सोनेरी. किंमत साधारण ३,७०० डॉलर. बातम्यांनी सगळी शाई सोन्यावरच खर्च केली. पण गोल्फच्या अंगाने बघायचं तर देणाऱ्याने माप नीट घेतलं होतं. बेरेसचे क्लब बनतातच मुळी वय वाढलेल्या, स्विंगचा वेग उतरलेल्या आणि खिसा भरलेल्या खेळाडूसाठी. सत्तरीच्या माणसाला तो ड्रायव्हर शोभणारा होता आणि लागू पडणाराही.

आपल्याकडे बहुतेकदा याच्या उलट होतं. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीत असो की येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबात, 'जपानी क्लब' असा विषय निघाला की गाडी थेट मिउरावर, नाहीतर मिझुनोच्या ब्लेडवर जाते. पातळ, चकचकीत, हातात घेतला की ठेवावासा न वाटणारा आयर्न. वर्षभरापूर्वी खेळायला लागलेला माणूसही तोच घ्यायचं स्वप्न बघतो. ते क्लब उत्तम आहेत यात वादच नाही. पण जपानने हौशी गोल्फरला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट ती नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. ती गोष्ट म्हणजे हलका क्लब. तिला ग्लॅमर नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

हे नीट कळायला थोडी पूर्वतयारी लागते. ज्यांना क्लबची रचना माहीत आहे त्यांनी पुढचा भाग ओलांडला तरी चालेल.

हेडमध्ये काय बघायचं

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. लांब मारण्यासाठी ड्रायव्हर आणि फेअरवे वुड, मधल्या अंतरांना आयर्न, होलभोवतीच्या हिरवळीच्या आसपास वेज, आणि शेवटी चेंडू होलमध्ये ढकलायला पटर. प्रत्येक क्लबचे तीन भाग: चेंडूला लागतं ते हेड, मधली दांडी म्हणजे शाफ्ट, आणि ग्रिप. हेडचा चेहरा मागे किती कललेला आहे त्याला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जितका जास्त, तितका चेंडू उंच आणि जवळ पडणारा.

आयर्नच्या हेडमध्ये पातळीनुसार जो फरक पडतो, तो मुख्यतः वजन कुठे ठेवलंय याचा. क्रिकेटच्या बॅटीवर चेंडू मधोमध बसला तर हाताला काही जाणवतच नाही आणि कडेला लागला तर झिणझिण्या येतात, तसंच इथेही आहे. ब्लेड प्रकारात लोखंड मधल्या भागामागे एकवटलेलं असतं. मध्यावर लागलं तर मजा, अर्धा इंच चुकलं तर हेड हातात पिळतं आणि चेंडू पाच-दहा यार्ड आधीच पडतो. कॅव्हिटी बॅक प्रकारात मागचा भाग कोरून ते वजन कडांना आणि तळाला नेतात. त्यामुळे चुकीचा फटकाही बऱ्यापैकी सरळ आणि लांब जातो. यालाच क्लब 'माफ करतो' असं म्हणतात.

यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. तळ रुंद असला की क्लब जमिनीत रुतण्याऐवजी सरकतो. आणि चेहऱ्याची पुढची कड शाफ्टच्या थोडी मागे ठेवली, म्हणजे ऑफसेट दिला, की चेहरा सरळ व्हायला किंचित वेळ मिळतो. नवख्याचा चेंडू उजवीकडे वळून जातो त्यावर हा अर्धा उतारा. चांगल्या खेळाडूला मात्र ऑफसेट नकोसा होतो, कारण त्याला चेंडू मुद्दाम इकडेतिकडे वळवायचा असतो.

हा सगळा पसारा एका नजरेत बघायचा असेल तर मिझुनो प्रोची २०२४ ची मालिका घ्यावी. २४१, २४३ आणि २४५ असे तीन क्लब. शेवटचा आकडा १ म्हणजे शुद्ध ब्लेड, ३ म्हणजे आटोपशीर कॅव्हिटी, ५ म्हणजे आतून पोकळ, बाहेरून ब्लेडसारखा दिसणारा पण बराच माफ करणारा. एका कंपनीने एकाच वर्षी, एकाच कारागिरीने केलेले तीन क्लब, तीन वेगळ्या माणसांसाठी. तेव्हा 'मिझुनो कसा आहे?' हा प्रश्न अर्धवट आहे. कुठला मिझुनो, हे आधी सांगावं लागतं.

लोखंड तापवणारी गावं

जपानी आयर्नचा लौकिक फोर्जिंगवर उभा आहे. मऊ पोलादाचा तुकडा लालबुंद तापवून साच्यात दाबायचा, मग घासून, कातून वजन आणि आकार जुळवायचा, वर निकेल-क्रोमचा मुलामा द्यायचा. याला पर्याय म्हणजे कास्टिंग, म्हणजे वितळलेलं पोलाद साच्यात ओतणं. ते स्वस्त पडतं आणि त्यात गुंतागुंतीचे आकार सहज निघतात.

ह्योगो प्रांतातल्या हिमेजीजवळचं इचिकावा हे जपानी आयर्नचं जन्मगाव मानलं जातं. १९३० च्या आसपास तिथे देशी आयर्नचं काम सुरू झालं. कात्सुहिरो मिउरा यांची मिउरा कंपनी हिमेजीतलीच. दुसरं ठाणं निगाता प्रांतातलं त्सुबामे-सांजो, जे चमचे, सुऱ्या आणि भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली एंदो मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्या नामांकित ब्रँडसाठी हेड घडवत आली. तिचा स्वतःचा ब्रँड एपॉन. मिझुनो ओसाकाची, १९०६ सालची. गोल्फ क्लब तिने १९३३ पासून बनवले. तिची हेड हिरोशिमात फोर्ज होतात.

विक्रेत्यांची पत्रकं इथे लगेच सामुराईच्या तलवारी काढतात. ऐकायला छान वाटतं, पण धातूच्या दृष्टीने गोष्ट जवळजवळ उलटी आहे. तलवारीच्या धारेला कठीण, जास्त कार्बनचं पोलाद लागतं. आयर्नसाठी मुद्दाम मऊ पोलाद घेतात, ज्यात कार्बन जेमतेम पाव टक्का असतो. मिझुनोच्या १०२५ या पोलादातला शेवटचा २५ तेच सांगतो. तलवारीची धार आणि गोल्फचं हेड यांत सामायिक आहे ती घासणाऱ्याची नजर. धातू वेगळाच.

मग मऊ पोलादाने नेमकं काय होतं? 'फील' येतो, असं सगळे म्हणतात. चेंडू आणि चेहरा यांचा संपर्क साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा. हाताला काही कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे ज्याला आपण फील म्हणतो त्यात हेडच्या कंपनांचा आणि आवाजाचा मोठा वाटा आहे, आणि ही कंपनं धातूइतकीच हेडच्या आकारावर, जाडीवर ठरतात. मिझुनो तर हेडचा नाद कसा यावा यावर स्वतंत्र काम करते. म्हणजे फील खोटा नाही. फक्त तो फोर्जिंग या एका शब्दातून येत नाही, आणि तो आला म्हणून चेंडू जास्त लांबही जात नाही.

मऊ पोलादाचा एक फायदा मात्र रोकडा आहे, आणि पत्रकांत तो तळटीपेत असतो. अशा आयर्नची मान वाकवता येते. क्लब जमिनीवर टेकवला की शाफ्ट किती उभा राहतो, त्या कोनाला लाय म्हणतात. तो आपल्या उंचीला जुळला नाही तर चांगला बसलेला फटकाही डावीउजवीकडे जातो. फोर्ज केलेल्या आयर्नचा लाय किंवा लॉफ्ट एखाद-दोन अंशांनी जुळवणं क्लब दुरुस्त करणाऱ्याला सोपं असतं. ओतीव, कठीण स्टेनलेस पोलादाचं हेड तितकं मानत नाही. सरासरीपेक्षा बरेच उंच किंवा बुटके असाल तर फोर्ज्ड घ्यायला हे कारण पुरेसं आहे.

या कारखान्यांची कीर्ती साजरी झाली ती मोठ्या खेळाडूंच्या हातून. टायगर वुड्सने १९९७ चं मास्टर्स जिंकलं तेव्हा त्याच्या बॅगेत मिझुनोचे आयर्न होते. हिदेकी मात्सुयामाने २०२१ चं मास्टर्स जिंकलं ते स्रिक्सनच्या झेड-फोर्ज्ड टू या ब्लेडने. मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा तो पहिला जपानी पुरुष खेळाडू. आता ज्यांचा ड्रायव्हर ताशी १८० किलोमीटरच्या वेगाने फिरतो आणि ज्यांचा चेंडू दर वेळी चेहऱ्याच्या त्याच नाण्याएवढ्या जागेवर लागतो, त्यांचं अवजार बघून आपलं अवजार ठरवणं कितपत शहाणपणाचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ज्याबद्दल कुणी बोलत नाही तो क्लब

ऐंशीच्या दशकात जपानमध्ये गोल्फचं अक्षरशः पेव फुटलं होतं. कंपनीचे व्यवहार मैदानावर ठरत, क्लबांची सदस्यत्वं शेअरसारखी विकली जात. ती पिढी पुढे निवृत्त झाली, पण खेळत राहिली. म्हणजे जपानी कंपन्यांचं घरचं गिऱ्हाईक म्हणजे साठीतला माणूस: ताकद बेताची, स्विंग संथ, पैसा आहे, आणि अंतर कमी झाल्याचं दुःख मोठं.

या गिऱ्हाइकासाठी २००० साली झेक्सिओ आला. बनवणारी कंपनी कोबेची सुमितोमो रबर, जी जपानमध्ये डनलॉप या नावाने ओळखली जाते आणि स्रिक्सन हा ब्रँडही तिचाच. त्याआधी ही कंपनी जपानमध्ये अमेरिकेच्या कॅलवेचे क्लब विकत असे. तो करार संपला आणि रिकामी जागा भरायला तिने स्वतःचा क्लब काढला. साधारण दर दोन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती येते.

झेक्सिओची युक्ती साधी आहे. सगळंच हलकं करायचं, पण वजन योग्य जागी ठेवायचं. नेहमीचा पुरुषांचा ड्रायव्हर ३०० ग्रॅमच्या पुढे जातो. झेक्सिओ २८० च्या आत राहतो. आयर्नमध्ये फरक याहून मोठा. व्यावसायिक खेळाडूंच्या टूरवर नावाजलेला डायनॅमिक गोल्ड हा अमेरिकी स्टील शाफ्ट एकटाच १३० ग्रॅमच्या आसपास असतो. झेक्सिओच्या आयर्नमधला कार्बन शाफ्ट त्याच्या निम्म्याहूनही हलका. शिवाय शाफ्टचं वजन हाताच्या बाजूला सरकवलेलं असल्याने हेड पुरेसं जड ठेवता येतं. ज्याच्या खांद्यात जोर कमी आहे त्याला क्लब वर नेताना ओढाताण होत नाही, आणि बाराव्या-तेराव्या होलनंतर स्विंग ढेपाळत नाही. हा दुसरा मुद्दा दुकानात चार फटके मारून कधीच कळत नाही.

झेक्सिओला एक टणत्कारी, उंच आवाज आहे. तो काहींना आवडत नाही. मलाही फारसा नाही. पण आवाज न आवडणं आणि क्लब न जमणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

वय कमी पण स्विंग संथ अशांसाठी, तसंच जरा बऱ्या खेळाडूसाठी, झेक्सिओ एक्स असा थोडा जड, आटोपशीर भाऊ आहे. बायकांचे झेक्सिओ वेगळे घडवलेले असतात, आणि आपल्याकडे बायकांना नवऱ्याचे जुने क्लब दोन इंच कापून देण्याची जी पद्धत आहे तिच्यापेक्षा ते कितीतरी बरे.

होनमाचा बेरेस याच कुळातला, फक्त श्रीमंत. होनमा १९५९ ची, कारखाना यामागाता प्रांतातल्या साकाता इथे. बेरेसला हॉटेलसारखे तारे असतात, दोनपासून पाचपर्यंत. तारे वाढतात तसं शाफ्टमधलं कार्बनचं काम उंची होत जातं आणि सोन्याची सजावट वाढते. पाच ताऱ्यांच्या संचाच्या किमतीत आपल्याकडे मोटार येते. हौसेला मोल नाही, पण हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणारा आकडा (जितका कमी तितका खेळ चांगला), उतरवायला पाच तारे लागत नाहीत. होनमाच्या टूर वर्ल्ड मालिकेचा बेरेसशी नावापुरता संबंध. ती चांगल्या खेळाडूंसाठी आहे.

आर म्हणजे आर नव्हे

जपानी क्लब मागवताना सर्वांत जास्त घोळ होतो तो शाफ्टमध्ये.

शाफ्ट किती वाकतो त्याला फ्लेक्स म्हणतात. मऊकडून ताठकडे आर-टू, आर, एसआर, एस, एक्स अशी अक्षरं असतात. पण एस म्हणजे नेमका किती ताठ, याचं उद्योगभर मान्य असं कुठलंही प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचा एस वेगळा. आणि जपानच्या देशी बाजारासाठी केलेला एस हा अमेरिकी एसपेक्षा बहुतेकदा मऊ आणि हलका असतो, कारण वर सांगितलेलं गिऱ्हाईक. त्यामुळे अमेरिकी क्लबात आर वापरणाऱ्याला जपानी एसआर जुळू शकतो, आणि जोरात मारणाऱ्या तिशीतल्या माणसाला जपानी एस पातळ काठीसारखा वाटू शकतो. अक्षर बघून मागवू नये, ग्रॅम बघावेत.

जपानी कॅटलॉगमध्ये त्याहून उपयोगी एक आकडा असतो: हेडचा वेग, मीटर प्रति सेकंदात. आपण आणि अमेरिकन लोक मैल प्रति तासात बोलतो, म्हणून तो डोक्यावरून जातो. सव्वादोनने गुणलं की मैल निघतात. ४० मीटर म्हणजे सुमारे ९० मैल, ताशी १४४ किलोमीटर. योकोहामा रबरच्या पीआरजीआर या ब्रँडने तर हेडच्या वेगावरूनच क्लब निवडावा हा विचार जपानमध्ये रुजवला, आणि तो मोजायचं छोटंसं यंत्रही विकलं. आज कुठल्याही सिम्युलेटरवर दहा मिनिटांत हा आकडा मिळतो.

ड्रायव्हरचा वेग ३८ मीटरच्या खाली असेल, म्हणजे ८५ मैलांच्या आत, तर झेक्सिओ-बेरेस घराणं आणि आर किंवा त्याहून मऊ शाफ्ट, असा माझा ढोबळ हिशेब. ४० ते ४३ मध्ये बहुतेक हौशी पुरुष येतात. तिथे एसआर किंवा हलका एस. ४५ म्हणजे शंभर मैल ओलांडले की जपानी देशी शाफ्टांबद्दल सावध व्हावं, आणि त्याच कंपनीचा परदेशी बाजारातला शाफ्ट बघावा.

स्टील आणि कार्बन यांच्या मधला जपानी रस्ता म्हणजे निप्पॉन शाफ्टचा ९५०जीएच. स्टीलच, पण शंभर ग्रॅमच्या आत. जपानमधल्या आयर्नमध्ये तो इतका सर्रास दिसतो की तिथल्या हौशी खेळाडूचा तो जणू गणवेशच. ज्याला कार्बन म्हाताऱ्यांचा वाटतो आणि डायनॅमिक गोल्ड झेपत नाही, त्याने हा बघावा. मराठी हौशी गोल्फरांपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच संपतं असं मला वाटतं.

सात नंबरची गंमत

एखादा मित्र सांगतो, 'जपानी क्लब घेतला आणि सात नंबर एकदम पंधरा यार्ड पुढे गेला.' खरं असतं ते. पण त्याचा सात नंबर सात नंबरच आहे का?

वरच्याच मिझुनो प्रो मालिकेत २४१ च्या सात नंबरचा लॉफ्ट ३४ अंश, २४३ चा ३२, २४५ चा ३०. दोन सलग आयर्नमध्ये साधारण चार अंशांचं अंतर असतं. म्हणजे २४५ चा सात नंबर हा लॉफ्टने २४१ चा सहा नंबरच, तळाला फक्त ७ कोरलेला. यामाहाने 'इनप्रेस यूडी प्लस टू' काढला, त्याच्या नावातच दोन नंबर जास्त अंतराचं आश्वासन. लॉफ्ट २६ अंशांच्या आसपास.

याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल. वजन तळाला आणि मागे नेल्यामुळे हे क्लब कमी लॉफ्ट असूनही चेंडू उंच उडवतात. जुन्या ब्लेडचा लॉफ्ट इतका कमी केला असता तर संथ स्विंगवाल्याचा चेंडू जमिनीला घासतच गेला असता. पण याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. असा संच घेतला की पिचिंग वेजही ताठ होतो, चाळीस अंशांच्या आसपास. आपल्या जुन्या सँड वेजचा लॉफ्ट ५६. मधल्या सोळा अंशांत, म्हणजे नव्वद यार्डांच्या आसपास, एकही क्लब उरत नाही. मग पूर्ण ताकदीने मारावं तर हिरवळीपलीकडे, अर्धा मारावा तर अलीकडच्या बंकरात. म्हणून संचाची किंमत विचारताना पीडब्ल्यूचा, म्हणजे पिचिंग वेजचा, लॉफ्ट विचारावा आणि त्याला जोडून येणारा ४५-५० अंशांचा वेज त्यातच धरावा. जपानमध्ये आयर्नचा संच बऱ्याचदा पाच किंवा सहा नंबरपासून पीडब्ल्यूपर्यंतच असतो, पुढचे सुटे घ्यावे लागतात.

आता नावानिशी

नुकतंच शिकायला लागलेल्याने नवा जपानी संच घेऊच नये. सहा महिन्यांत स्विंग बदलतो, तेव्हा वापरलेला, रुंद तळाचा, मोठ्या कॅव्हिटीचा कुठलाही क्लब पुरतो. तो जपानीच हवा असेल तर मागच्या एक-दोन आवृत्त्यांचा झेक्सिओ किंवा मिझुनोच्या जेपीएक्समधला हॉट मेटल. हॉट मेटल ओतीव आहे म्हणून नाक मुरडू नये. क्रोमोली पोलादाचा त्याचा पातळ चेहरा चेंडूला चांगलाच वेग देतो.

हँडिकॅप वीसच्या आगेमागे असेल आणि वय पंचावन्नच्या पुढे असेल तर नवा झेक्सिओ डोळे मिटून चालतो. वय चाळीस असेल तर मात्र डोळे उघडे ठेवावेत. जोर असेल तर तो इतका हलका पडेल की हात वेळेआधी पुढे धावतील आणि चेंडू डावीकडे जाईल. अशांना जेपीएक्स फोर्ज्ड किंवा स्रिक्सनचा झेडएक्स५ यांसारखे मधले क्लब बरे.

दहा ते पंधरा हँडिकॅप ही सर्वांत मजेची जागा. इथे खेळाडूला आपला फटका कसा बसला हे कळायला लागलेलं असतं, पण दर वेळी तो मध्यावर बसत नाही. मिझुनोचा २४५ किंवा २४३, स्रिक्सनचे झेडएक्स, एपॉन आणि मिउराचे कॅव्हिटी (हो, मिउरा ब्लेडशिवायही क्लब बनवते), सगळं खुलं आहे. इथे मी मिश्र संच सुचवेन. पाच आणि सहा नंबर माफ करणारे, सातपासून पुढचे आटोपशीर. स्रिक्सनचे झेडएक्स५ आणि झेडएक्स७ दिसायला एका घरचे असल्यामुळे ही जोडी बॅगेत विजोड वाटत नाही. मात्र दोन मालिका जोडताना लॉफ्टची रांग तपासावी लागते, नाहीतर सांध्यावर दोन क्लब एकच अंतर मारतात.

सिंगल, म्हणजे एक आकडी, हँडिकॅपवाल्यांना सल्ल्याची गरज नसते, आणि दिला तर ते ऐकतही नाहीत. एवढंच म्हणेन की ब्लेड खेळता येणं आणि ब्लेडने कमी फटके लागणं यात फरक आहे. ब्रुक्स केप्काने २०१७ आणि २०१८ ची यूएस ओपन ज्या मिझुनोने जिंकली, तो जेपीएक्स ९०० टूर ब्लेड नव्हता, कॅव्हिटी होता.

मागवण्याआधी

जपानमध्ये वापरलेल्या क्लबांची मोठी, व्यवस्थित दुकानं आहेत, आणि टोकियोच्या निशी-कसाईत राहणारा भाचा किंवा पुतण्या सुट्टीला येताना एखादा क्लब घेऊन येऊ शकतो. त्याला एक गोष्ट बजावून सांगावी. जपानमध्ये ज्येष्ठांसाठी 'हाय रिपल्शन' ड्रायव्हर उघडपणे विकले जातात. त्यांचा चेहरा नियमाच्या मर्यादेपेक्षा जास्त उसळी देतो. १ जानेवारी २००८ पासून ही मर्यादा सगळ्यांना लागू आहे, त्यामुळे असा ड्रायव्हर घेऊन क्लबच्या मासिक स्पर्धेतही उतरता येत नाही. घरच्यांबरोबर खेळायला हरकत नाही, पण बॅगेत तो आहे हे आधी माहीत असलेलं बरं. नियामक संस्था मान्य ड्रायव्हर हेडांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. नाव आणि लॉफ्ट तिथे पडताळता येतो.

तळाचाही विचार हवा. जपानमध्ये फेअरवेला, म्हणजे मैदानाच्या मधल्या कापलेल्या पट्ट्याला, बहुतेकदा झोयसिया गवत असतं, ताठ आणि दाट, ज्यावर चेंडू उचलून ठेवल्यासारखा बसतो. खालून घासत नेलेला फटकाही तिथे खपून जातो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जमीन टणक आणि गवत विरळ, जुलैत सगळं भुसभुशीत. खूप रुंद तळाचा क्लब पावसाळ्यात वरदान आणि उन्हाळ्यात उसळून चेंडूच्या टाळूवर लागणारा. वर्षभर खेळणाऱ्याने मधला तळ घ्यावा. आणि मुलामा नसलेले कच्च्या पोलादाचे वेज, जे जपानी कारागीर फार सुंदर करतात, ते मुंबई-कोकणच्या दमटपणात आठवड्याभरात तांबूस होतात. खेळात त्याने बिघाड होत नाही, पण दर खेळीनंतर पुसून तेलाचा हात फिरवायची तयारी हवी.

'मेड इन जपान' या शब्दांवर फार जाऊ नये. एंदोचा फोर्जिंगचा कारखाना थायलंडमध्येही आहे आणि टायटॅनियमची हेड तर जगभरच्या कंपन्यांची चीन, तैवान, थायलंडमध्ये बनतात. तपासणी कडक असेल तर क्लबला पत्ता कळत नाही.

राहिले डावखुरे. जपानमध्ये डावखुऱ्यांचे क्लब फार थोडे बनतात. काही मालिका मुळात उजव्या हाताच्याच असतात, आणि वापरलेल्यांच्या दुकानात डाव्यांचा कप्पा एका कोपऱ्यात आटपतो. त्यांनी हा लेख मागून पुढे वाचावा: आधी डाव्या हाताचं काय मिळतंय ते शोधायचं, त्यातून आपल्या वेगाचा शाफ्ट बघायचा, आणि मग ब्रँड.